सव्वा हाताचा हिशेब

ईशान्य चीनमधल्या हार्बिन शहरात झोंगयांग रस्त्यावरचे दगड पावासारखे फुगीर आहेत आणि तिथले लोक त्यांना 'पावाचे दगड'च म्हणतात. १९२४ साली बसवलेल्या या दगडांवरून, रशियन धाटणीच्या इमारतींमधून, उत्तरेकडे दीडेक किलोमीटर चालत गेलं की रस्ता संपतो आणि सोंगह्वा नदी सुरू होते. पाण्याआधी दिसतो तो मनोरा. साडेबावीस मीटर उंच, माथ्यावर कामगार, शेतकरी, सैनिक आणि बुद्धिजीवी यांचे पुतळे, मागे वीस खांबांची अर्धवर्तुळाकार कमान. १९५७ च्या पुरातून शहर वाचलं म्हणून सोव्हिएत आणि चिनी वास्तुरचनाकारांनी मिळून तो आखला आणि १ ऑक्टोबर १९५८ ला तो उभा राहिला. नाव सरळ आहे: पूरनियंत्रण-विजय स्मारक. दोन्ही बाजूंना नदीकाठाने पावणेदोन किलोमीटर पसरलेली बाग १९५३ सालची. तिला आजही स्टालिन पार्क म्हणतात. रशियात स्टालिनच्या नावाच्या पाट्या उतरल्या त्याला साठ वर्षं उलटली, हार्बिनने मात्र ती तसदी घेतली नाही.

इथे येणारा माणूस मनोऱ्याकडे पाठ करून फोटो काढतो, आइसक्रीम खातो आणि बोटीत बसून पलीकडच्या सूर्यबेटावर जातो. त्यात गैर काही नाही, बाग त्यासाठीच असते. पण या स्मारकातला सगळ्यात मोलाचा भाग माथ्यावरच्या पुतळ्यांत नाही. तो पायाशी, गुडघ्याच्या उंचीवर आहे आणि तो वाचता आला तर 'विजय' या शब्दाबद्दल शंका येऊ लागते.

पायाशी एकावर एक अशी दोन पायऱ्यांची पाण्याची कुंडं आहेत. ती शोभेसाठी मनाला येईल त्या उंचीवर बांधलेली नाहीत. खालच्या कुंडाची पातळी समुद्रसपाटीपासून ११९.७२ मीटर आहे. १९३२ साली हार्बिन बुडालं तेव्हा पाणी तिथवर चढलं होतं. वरच्या कुंडाची पातळी १२०.३० मीटर, म्हणजे ६ सप्टेंबर १९५७ चं पाणी. १९९८ नंतर तिसरी खूण आली, १२०.८९ मीटरची, त्या वर्षीच्या २२ ऑगस्टची. पहिल्या दोन खुणांमध्ये ५८ सेंटिमीटरचं अंतर आहे, पुढच्या दोनांमध्ये ५९. आपल्या जुन्या मापात सांगायचं तर दर खेपेला नदी सव्वा हात वर आली.

पाहणाऱ्याला यातून साधा अर्थ लागतो. १९३२ चा पूर लहान होता, १९५७ चा मोठा, १९९८ चा सर्वांत मोठा. लहान पुरात जुनं शहर बुडालं आणि मोठ्या पुरात नवं शहर तरलं. स्मारक बांधणाऱ्यांना हेच सांगायचं होतं. जुनी व्यवस्था खालच्या कुंडात, नवी वरच्या कुंडात.

आता याच तीन पुरांचे विसर्गाचे आकडे शेजारी ठेवू. १९५७ मध्ये हार्बिनपाशी नदीतून सेकंदाला १२,२०० घनमीटर पाणी गेलं, म्हणजे अंदाजे ४ लाख ३१ हजार क्युसेक. १९९८ मध्ये १६,६०० घनमीटर, ५ लाख ८६ हजार क्युसेक. (२०१९ च्या ऑगस्टात अलमट्टीतून पाच लाख क्युसेकच्या वर पाणी सुटत होतं, त्यावरून या आकड्याचा अंदाज बांधता येईल.) आणि १९३२? बांध फुटून शिवारात पसरलेलं पाणीही धरून जलतज्ज्ञांनी मागाहून जो हिशेब बांधला, त्यात आकडा येतो १६,२०० घनमीटर. म्हणजे ज्याला खालचं कुंड मिळालं तो १९३२ चा पूर, वरचं कुंड मिळवणाऱ्या १९५७ च्या पुरापेक्षा मोठा होता. मोजलेला आकडा आणि मागाहून बांधलेला आकडा एकाच तागडीत घालताना जपून बोलावं हे खरं, पण १९५७ ला हीच सवलत देऊन हिशेब केला तरी क्रम बदलत नाही.

मग पाणी जास्त असताना पातळी कमी कशी? उत्तर अवघड नाही. १९३२ मध्ये ७ ऑगस्टला हार्बिनचे बांध फुटले आणि नदी शहरात शिरली. वरच्या अंगालाही ती वाट मिळेल तिथे पसरली. पसरलेलं पाणी उंच चढत नाही. १९५७ पर्यंत बांध उंच आणि सलग झाले होते. पूर्वी ज्या सखल पट्ट्यात नदी पाय पसरायची, तो पट्टा बांधांच्या मागे गेला. तेवढंच पाणी अरुंद जागेतून जायचं तर त्याला दोनच मार्ग उरतात: वेगाने जाणं किंवा उंच होणं. ते दोन्ही करतं. बांध घातल्याने पूर जात नाही, तो उभा राहतो. हार्बिनच्या दोन कुंडांनी हे दगडात कोरून ठेवलंय आणि सहा दशकं कोणी ते तसं वाचायला सांगत नाही.

बांध घालणं चूक होतं असं यातून निघत नाही. १९३२ मध्ये काय झालं ते पाहिलं तर कोणताही शहाणा माणूस बांधच घालेल. त्या वर्षी फेब्रुवारीत जपानी सैन्याने हार्बिन घेतलं होतं. नव्या सत्तेची घडी बसायची होती, बांधांकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती. नानगांगचा भाग उंचावर, तो वाचला. नदीलगतचा दाओली आणि त्याच्या पूर्वेचा दाटीवाटीचा चिनी वस्तीचा दाओवाई पाण्याखाली गेले. शहराची लोकसंख्या तेव्हा ३ लाख ८० हजारांच्या घरात होती. त्यांतल्या २ लाख ३८ हजारांना पुराचा फटका बसला, आणि पुराने व त्यामागून आलेल्या पटकीने वीस हजारांवर माणसं गेली असं स्थानिक इतिहासात नोंदलेलं आहे. या वीस हजारांचं स्वतःचं म्हणून जे काही या मनोऱ्यापाशी आहे, ते खालचं कुंड. तेही वरच्या कुंडाची उंची दिसावी म्हणून.

१९५७ च्या माणसांचं कामही कमी लेखण्यासारखं नाही. मनोऱ्याच्या मध्यभागावर उठावशिल्पं आहेत: माती वाहणारे, धुमस करणारे, पाण्याशी झटणारे. कलाकुसर त्या काळच्या सोव्हिएत साच्यातली असली तरी तपशील खरा आहे. बांध माती टाकून होत नाही, माती ठोकून होतो. वीत-दीड विताचा थर पसरायचा, धुमसाने दाबायचा, मग पुढचा थर. माती फार कोरडी असेल तर ढेकळं राहतात आणि त्यांच्या फटींतून पाणी वाट काढतं. फार ओली असेल तर ती दबतच नाही, नुसती लिबलिबते. पुराच्या धावपळीत पाऊस पडत असताना माती नेमकी हवी तेवढीच ओली मिळेल अशी आशा कोणी करू नये. म्हणून घाईत चढवलेला वरचा हातभर बांध नेहमी सगळ्यात कच्चा असतो.

बांध फुटतो तो बहुधा वरून पाणी गेल्यामुळे, अशी समजूत असते. तसं होतं, पण त्याआधी अनेकदा तो खालून फुटलेला असतो. नदी आठ-दहा दिवस उंच राहिली की तिचा दाब बांधाखालच्या वाळूच्या थरातून मागच्या बाजूला येतो आणि बांधापासून थोड्या अंतरावर, शेतात किंवा एखाद्या अंगणात, झरा फुटतो. पाणी नितळ असेल तर लक्ष ठेवायचं. ते गढूळ झालं, त्यासोबत वाळू येऊ लागली, की बांध पोटातून पोखरला जातोय असं समजायचं. अशा वेळी नवखा माणूस ते भोक बुजवायला धावतो आणि तीच मोठी चूक ठरते. इथे बुजवलेलं पाणी पाच हातांवर दुसरीकडे फुटतं. करायचं असतं ते उलट: झऱ्याभोवती पोत्यांचं कडं उभारायचं आणि आत आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी असे थर घालायचे. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. पोतीही गच्च भरायची नसतात. अर्ध्यापेक्षा थोडी जास्त भरली की ती एकमेकांवर चेपून बसतात, गच्च भरलेल्या पोत्यांत फटी राहतात. आणि पूर ओसरू लागला म्हणून घरी जायचं नसतं. पाणी झपाट्याने उतरतं तेव्हा भिजून जड झालेला नदीकडचा उतार आधार गेल्यामुळे घसरतो.

हे सगळं ज्यांनी रात्रंदिवस केलं, त्यांचा मनोरा उभारला तर बिघडलं कुठे, असं कोणी विचारेल. काही बिघडलं नाही. हरकत 'विजय' या शब्दाला आहे, कारण तो हिशेब बंद करतो. लढाई जिंकली की शत्रू परत जातो. नदी जात नाही आणि तिचं पाणीही नाहीसं होत नाही. ते कुठेतरी गेलेलं असतं. कुठे गेलं, हा प्रश्न विजयाच्या मनोऱ्यावर मावत नाही.

१९९८ मध्ये ते कुठे गेलं हे माहीत आहे. त्या उन्हाळ्यात सोंगह्वाला मिळणाऱ्या नेन नदीला पाठोपाठ पूर आले. हार्बिनच्या वरच्या अंगाला बांध अनेक जागी फुटले. हेइलाँगजियांग प्रांतातला ताइलाई आणि जिलिन प्रांतातला झेनलाई या तालुक्यांत पाणी पसरलं. हे सपाट, शेतीचे, गरिबीचे तालुके. तिथे कोणी मुद्दाम बांध फोडले असा आरोप इथे नाही. पण ते पाणी तिथल्या शेतांवर आणि गावांवर पसरलं नसतं तर ते हार्बिनला आलं असतं, आणि १२०.८९ ची खूण आणखी वर करावी लागली असती. मनोऱ्यावरच्या तिसऱ्या आकड्यात ताइलाई आणि झेनलाईचा वाटा आहे. तिथे त्यांची नावं मात्र नाहीत.

हा प्रश्न एकट्या हार्बिनचा असता तर स्थानिक म्हणून सोडून देता आला असता. वुहानमध्ये तो कितीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. शहराच्या हानकोउ भागात, यांगत्सेलगतच्या बागेत, १९६९ साली उभारलेला ३७ मीटरचा स्तंभ आहे, १९५४ च्या पुरावरच्या विजयाचा. १८ ऑगस्ट १९५४ ला हानकोउच्या मापकावर पाणी २९.७३ मीटरला टेकलं आणि शहर वाचलं. १९३१ मध्ये त्याहून जवळपास दीड मीटर कमी पाण्यात, २८.२८ मीटरला, हेच शहर आठवडेच्या आठवडे पाण्यात उभं होतं. इथेही तीच कथा: खालच्या आकड्याला बुडालेलं शहर, वरच्या आकड्याला तरलेलं.

वुहान तरलं त्यात शहरवासीयांची मेहनत होतीच. पण दोनशे किलोमीटरवर, वरच्या अंगाला, जिंगजियांगचा पूर-वळवणीचा पट्टाही होता. ९२१ चौरस किलोमीटरचा हा तुकडा १९५२ मध्ये अवघ्या ७५ दिवसांत बांध घालून, दरवाजे बसवून तयार केला होता, पाणी मुद्दाम आत घेण्यासाठी. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्याचे दरवाजे तीनदा उघडले. त्याखेरीज इतर ठिकाणी बांध फोडले गेले, काही आपसूक फुटले. त्या वर्षी यांगत्सेच्या मधल्या आणि खालच्या खोऱ्यात ३३ हजारांवर माणसं मेली. ही अधिकृत संख्या आहे. वुहानच्या स्तंभावर माओंच्या हस्ताक्षरातलं वाक्य आहे: वुहानच्या जनतेने १९५४ चा पूर जिंकला याचं अभिनंदन, आणि पुढे येऊ शकणारा तेवढाच भीषण पूर जिंकण्याचीही तयारी ठेवली पाहिजे. वाक्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा फार शहाणा आहे. 'जिंकणं' दोन्हीकडे आहे, पण दुसऱ्यात निदान पाणी परत येणार ही कबुली आहे.

आणि ते येतं. हानकोउची नदीकाठची आजची बाग सात किलोमीटर लांब आहे आणि ती पूरभिंतीच्या नदीकडच्या बाजूला आहे. म्हणजे दरवर्षी थोडीफार बुडावी याच हिशेबाने केलेली. मापकावर २५ मीटर झाले की बंदोबस्त सुरू होतो, २७.३० ला इशारा, आणि बांध जिथवर टिकण्याची हमी दिली जाते ती पातळी २९.७३. हा आकडा कुठून आला ते वर वाचलंच. १९५४ चं पाणी आजच्या वुहानची वरची रेघ झालं आहे. मोठ्या पुराच्या वर्षी, २०१६ आणि २०२० मध्ये, बाग बंद झाली आणि पूरभिंतीतली माणसांची येण्या-जाण्याची दारं बुजवण्यात आली. जुलैमध्ये वुहानला जाणाऱ्याने बाग उघडी आहे का हे आधी विचारून घ्यावं. ती बुडालेली पाहायला मिळाली तर मात्र फेरी फुकट गेली असं मानू नये, ती बाग सर्वांत खरी तेव्हाच दिसते.

१९९८ मध्ये जिंगजियांगचा पट्टा पुन्हा उघडायची वेळ आली होती. नियम असा की पट्ट्याजवळच्या शाशीच्या मापकावर ४५.०० मीटर झाले की दरवाजे उघडायचे. पाणी ४५.२२ ला गेलं. तीन लाखांवर लोकांना आधीच बाहेर काढलं होतं. शेवटी दरवाजे उघडले नाहीत, बांधांवर भरवसा ठेवला आणि तो टिकला. दरवाजे न उघडण्याचा निर्णय आज धाडसाचा म्हणून सांगितला जातो. पण हेही खरं की तोवर त्या पट्ट्यात वस्ती, शेती, कारखाने इतके वाढले होते की पाणी आत घेण्याची किंमत १९५४ च्या कितीतरी पट झाली होती. पूर घेण्यासाठी राखलेली जागा रिकामी राहत नाही, ही जगभरची अडचण आहे.

पाणी घेणाऱ्यांचा हक्क चीनच्या कायद्याने नाकारलेला नाही. २००० साली राज्य परिषदेने, म्हणजे तिथल्या मंत्रिमंडळाने, नियम केले: पूर-साठवणीचा पट्टा वापरला तर पिकांच्या नुकसानीची ५० ते ७० टक्के भरपाई, घरांची ७० टक्के, शेतीची अवजारं, जनावरं, घरातल्या मोठ्या वस्तू यांची ५० टक्के. काही नसण्यापेक्षा हे बरंच आहे, आणि आपल्याकडच्या पंचनाम्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला हेवाही वाटेल. पण त्यातली मेख लक्षात घ्या. दुसऱ्याचं शहर वाचावं म्हणून तुमचं घर बुडवलं, तरी तीस टक्के तोटा तुमचाच. २०२३ च्या जुलैअखेरीस बीजिंगच्या वरच्या डोंगरांत प्रचंड पाऊस झाला आणि हबेई प्रांतातले साठवणीचे पट्टे वापरले गेले. त्या वेळी प्रांताच्या पक्षप्रमुखांनी हबेई हा राजधानीचा खंदक ठरेल अशा अर्थाचं विधान केलं आणि चिनी समाजमाध्यमांवर लोक खवळले. हबेईतल्या बुडालेल्या झुओझोउ शहरात छपरावर बसलेल्या माणसाला आपण खंदक आहोत हे ऐकून काय वाटलं असेल, ते सांगायला नको. संताप भरपाईच्या टक्क्यांवर नव्हता. ज्याने पाणी घेतलं त्याला आभाराचा शब्दही नाही, यावर होता.

स्मारकाचं काम इथे सुरू होतं. भरपाई सरकारने द्यायची, पण कोणी काय सोसलं हे शहराच्या मध्यभागी, वाचलेल्या माणसांच्या डोळ्यांसमोर लिहिणं शहराने करायचं. हार्बिनच्या कुंडाशी ताइलाई आणि झेनलाई ही दोन नावं कोरायला फार दगड लागत नाही.

यावर एक रास्त उत्तर येतं: हे तपशील संग्रहालयात ठेवा, चौकातल्या मनोऱ्याने अभिमान द्यावा, आकडेमोड नको. हे उत्तर चीनच्याच जुन्या परंपरेला धरून नाही. दुजियांगयानच्या प्राचीन पाटबंधाऱ्यावर, इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात, ली बिंग या अधिकाऱ्याने नदीत तीन दगडी माणसं उभी केली होती. करार असा की पाणी त्यांच्या पायांच्या खाली जाऊ नये आणि खांद्यांच्या वर येऊ नये. पुतळेच होते ते, पण मोजपट्टीचे. यांगत्सेवर फुलिंगजवळच्या बाइहलियांग खडकावर दगडात कोरलेले मासे आहेत. सुमारे बाराशे वर्षं लोक कोरड्या हंगामात नदी माशांपर्यंत उतरली का हे पाहत आणि खडकावर लिहून ठेवत आले. हा खडक आता तीन घळींच्या (थ्री गॉर्जेस) धरणाच्या पाण्याखाली आहे आणि तो पाहायला पाण्याखाली उतरणारं संग्रहालय केलं आहे. याहून मोठा दाखला १८७० चा. त्या वर्षी यांगत्सेला जो पूर आला तो धरणाजवळच्या यीचांगला कोणत्याही मापकावर नोंदला गेला नाही, तिथे तेव्हा मापक नव्हताच. पण काठाकाठाने गावकऱ्यांनी खडकांवर, भिंतींवर 'पाणी इथवर आलं' अशा रेघा आणि मजकूर कोरले. त्या रेघांवरून पुढे अभियंत्यांनी यीचांगचा विसर्ग काढला, सेकंदाला १ लाख ५ हजार घनमीटर, आणि तीन घळींच्या धरणाची पूर-क्षमता ठरवताना तो आकडा विचारात घेतला. कोणा गवंड्याने छिन्नीने ओढलेली रेघ शंभर वर्षांनी धरणाच्या आराखड्यात पोचली. पुतळ्याने आजवर कोणता आराखडा बदलल्याचं ऐकिवात नाही.

आपल्याकडेही लोक पातळीच वाचतात. सांगलीत पावसाळ्यात कृष्णेवरच्या पुलाचं नाव घेऊन 'आयर्विन किती?' असं विचारलं की चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे शाळकरी पोरालाही कळतं. ते ज्ञान कोणत्याही मनोऱ्याशिवाय जिवंत आहे, कारण आकडा रोजच्या बोलण्यात आहे. उलट कागदावरच्या निळ्या आणि लाल पूररेषा, पंचवीस आणि शंभर वर्षांच्या, जमिनीवर कुठेच रंगवलेल्या नसतात. म्हणून त्यांच्यावर वाद घालणं सोपं जातं आणि बांधकाम करणं त्याहून सोपं. त्यातून 'शंभर वर्षांचा पूर' हा शब्दच फसवा. शंभर वर्षांतून एकदा येणारा, असा अर्थ लोक घेतात. खरा अर्थ, दर वर्षी शंभरात एक इतकी शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती २६ टक्के होते.

पुन्हा हार्बिनला. कोणी तिथे जाणार असेल तर पाहण्याचा क्रम उलटा करावा. आधी मनोरा नको. स्टालिन पार्कच्या पायऱ्यांवरून थेट पाण्याशी उतरावं. शहराच्या खाली सुमारे ४६ किलोमीटरवर दादिंगझीशानचा बंधारा झाल्यापासून इथली नेहमीची पातळी ११६ मीटरच्या आसपास राखली जाते. त्याआधी कोरड्या वर्षांत पात्र वाळूने भरलेलं दिसायचं. पाण्याच्या कडेला उभं राहून ११६ डोक्यात ठेवावं आणि मग वर चढत यावं. कुंडांपाशी पोचल्यावर कळतं की १९९८ ची खूण आपण जिथे उभे होतो तिथून जवळपास पाच मीटर उंच आहे, आणि पाठीमागचा झोंगयांग रस्ता, दुकानं, माणसं या सगळ्यांच्या मानाने ती कुठे येते. पूर आला की नदीलगतचं शहर नदीच्या शेजारी नाही, नदीच्या खाली असतं, हे पुस्तकात वाचून जेवढं कळत नाही तेवढं या चढणीत कळतं. उन्हाळ्यात पाहणं सोपं. जानेवारीत तापमान उणे वीसच्याही खाली असतं आणि नदी इतकी गोठलेली असते की लोक तिच्यावरून पलीकडे चालत जातात. मग पूर ही अशक्य गोष्ट वाटते. पूर्वेच्या टोकाला जुना रेल्वेपूल आहे, १९०१ चा, आता फक्त पादचाऱ्यांसाठी. त्याच्यावर जरूर जावं, कारण तिथून दोन्ही काठ एका नजरेत येतात आणि दोन्हीकडे बांध असलेल्या नदीला पसरायला किती जागा उरली ते दिसतं.

या नदीने हार्बिनला आणखी एक धडा दिला आणि त्यात पाणी जास्त झालं नव्हतं, प्यायचं बंद झालं होतं. १३ नोव्हेंबर २००५ ला वरच्या अंगाला जिलिन शहरात रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि सुमारे शंभर टन बेंझिन आणि त्याची विषारी भावंडं नदीत गेली. हार्बिनमध्ये २१ तारखेला नळ चार दिवस बंद राहणार असं जाहीर झालं. कारण दिलं जलवाहिन्यांच्या दुरुस्तीचं. लोकांचा विश्वास बसला नाही. भूकंप येतोय अशा अफवा उठल्या, दुकानांतलं पाणी संपलं. दुसऱ्या दिवशी खरं कारण सांगावं लागलं. मोठ्या शहराचे नळ चार दिवस कोरडे राहिले, तेही नदी शेजारून वाहत असताना. हा प्रसंग विजयाच्या साच्यात बसत नाही, कारण इथे निसर्गाला शत्रू म्हणता येत नाही. पण नदीकाठच्या शहराने लक्षात ठेवायच्या गोष्टींत तो १९५७ पेक्षा खाली येत नाही. पुराचा अंदाज आधी सांगितला तरच माणसं वाचतात, आणि तो सांगणाऱ्याचं लोकांनी ऐकावं यासाठी त्याने एरवी खोटं बोललेलं असू नये.

निएर्जीचं धरण २००६ मध्ये नेन नदीवर पुरं झालं. त्यामुळे १९९८ ची पातळी पुन्हा गाठली जाण्याची शक्यता कमी झाली आहे. शक्यता कमी झाली म्हणून लोक बांधाच्या मागे आणखी सखल जागी बांधायला निघतात, हा पुढचा टप्पाही ठरलेला. तेव्हा मनोरा आहे तसाच राहू दे. पुतळे पाडा, 'विजय' खोडा, अशी मागणी इथे नाही. शहरं आपले मनोरे पाडायला लागली की मग थांबत नाहीत. मागणी एवढीच की तीन पातळ्यांच्या शेजारी तीन विसर्ग लिहावेत, १९३२ च्या मृतांचा आकडा लिहावा, ज्या तालुक्यांनी पाणी घेतलं त्यांची नावं लिहावीत, आणि २००५ च्या त्या चार दिवसांसाठी एक ओळ असावी. जागेची अडचण नाही. मागच्या कमानीला वीस खांब आहेत, त्यांतले चार पुरतील.